व्होल्टेज कमी असताना मोटर का जळते? पाण्याच्या मोटरीतून वीज आणि चुंबक समजून घेऊया

माझ्या मामांचं सांगली जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे आणि शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथंच पडीक असायचो. मार्च ते मे दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, दारापर्यंत जळालेल्या मोटरी आणि सगळीकडे तो करपलेल्या वॉर्निशचा वास. शेतकरी यायचे, डोक्याला हात लावून बसायचे, म्हणायचे "मिस्त्री, परवाच भरून नेली होती ओ, रात्रीची लाईट आली, व्होल्टेज डाऊन होतं, सकाळी बघतो तर जळाली." ऊस वाळत चाललेला, मोटर भरायला हजारो रुपये, आणि पाणी चार दिवस बंद.

मला तेव्हा एक गोष्ट अजिबात पटायची नाही. व्होल्टेज कमी आलं तर मोटर जळते कशी? बल्बचं व्होल्टेज कमी झालं की बल्ब मिणमिणतो, थंड पडतो. जळायचं तर जास्त व्होल्टेजने जळायला पाहिजे ना? मामांना विचारलं तर ते म्हणाले "अरे, मोटर म्हणजे बल्ब नव्हे, मोटरीत चुंबक असतं." एवढंच. त्या एका वाक्यात सगळं उत्तर आहे हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून वाटतंय की हे कुणीतरी सरळ मराठीत लिहायला हवं, कारण या एका प्रश्नाच्या मागं लागलं की विजेची आणि चुंबकाची जवळजवळ सगळी मूळ तत्त्वं वाटेत भेटतात.

सुरुवात तारेपासून करू. तांब्याच्या तारेत प्रत्येक अणूचा एखादा इलेक्ट्रॉन मोकळा असतो, कुठल्याच अणूला घट्ट न चिकटलेला. हे इलेक्ट्रॉन तारेत कायम असतातच, ते काही कोयनेहून येत नाहीत. बाहेरून जोर लावला की ते सगळे एका दिशेला सरकायला लागतात, त्या सरकण्याला करंट म्हणायचं, आणि जो जोर लागतो तो व्होल्टेज. पंपाच्या पाटीवर हेड आणि डिस्चार्ज लिहिलेलं असतं ते शेतकऱ्याला बरोबर कळतं, हेड म्हणजे पाणी किती उंच ढकलेल आणि डिस्चार्ज म्हणजे सेकंदाला किती लिटर जाईल. व्होल्टेज हे हेडसारखं समजा आणि करंट, जो अँपिअरमध्ये मोजतात, तो डिस्चार्जसारखा. पाइप बारीक आणि लांब असेल तर पाण्याला अडथळा जास्त, तसंच तार बारीक आणि लांब असेल तर अडथळा जास्त, तो ओहममध्ये मोजतात.

इथं एक गंमत सांगतो, इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धावतात असं बहुतेकांना वाटतं, पण तसं नाही. अडीच स्क्वेअर एमएमच्या तारेतून सात अँप जात असतील तर इलेक्ट्रॉनची पुढं सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरचा पाचवा भाग असते, गोगलगाय त्याच्यापेक्षा जोरात जाते. आणि आपल्याकडं घरात, शेतात येते ती एसी, तिची दिशा सेकंदात ५० वेळा पुढं आणि ५० वेळा मागं होते, त्यामुळं इलेक्ट्रॉन कुठं जातच नाहीत, जागच्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे पुढं-मागं डुलतात. मग बटण दाबल्या दाबल्या दिवा कसा लागतो? तर पाइप आधीच पाण्याने भरलेला असला की एका टोकाला दाब दिला की दुसऱ्या टोकाला लगेच पाणी येतं, तसं. दाब पटकन पोचतो, इलेक्ट्रॉन हळू.

आता ओहमचा नियम, १८२७ मध्ये जर्मनीतल्या ओहमने मांडलेला. व्होल्टेज भागिले अडथळा म्हणजे करंट. आणि करंट तारेतून जाताना तार तापते, ती किती तापते हे करंटच्या वर्गावर असतं. म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नाही, चौपट. हे वाक्य लक्षात ठेवा, मोटर जळते ती इथंच. बल्बचा हिशोब इथंच संपतो, व्होल्टेज कमी, म्हणून करंट कमी, म्हणून उष्णता कमी.

पण मोटरीला हा हिशोब लावून बघा. पाच एचपीच्या थ्री फेज मोटरीच्या दोन टर्मिनलमध्ये मीटर लावला तर साधारण तीन-चार ओहम दाखवतो, शेवटी ती तांब्याची तारच आहे. व्होल्टेज ४१५. भागाकार केला तर शंभर अँपच्या वर करंट यायला पाहिजे, पण चालू मोटरीवर क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लावला तर सात-साडेसात अँप दिसतात. मग बाकीचा करंट कोण अडवतंय? तारेचा अडथळा तर अडवत नाहीये. अडवतंय ते चुंबक.

त्यासाठी जरा मागं जावं लागेल. १८२० पर्यंत लोकांना वाटायचं की वीज वेगळी आणि चुंबक वेगळं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्या वर्षी कोपनहेगनमध्ये हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की बॅटरीच्या तारेतून करंट सोडला की शेजारी ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलते, करंट बंद केला की परत उत्तरेला येते. तार तांब्याची, तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरी सुई हलली. म्हणजे वाहता करंट स्वतःच आपल्याभोवती चुंबकत्व तयार करतो, तारेला वेढा घालून, बांगडीसारखं. तीच तार गुंडाळून कॉइल केली की सगळ्या वेढ्यांचं चुंबकत्व एकत्र येतं आणि आत लोखंड घातलं की ते कितीतरी पटीने वाढतं. झालं विजेचं चुंबक, पाहिजे तेव्हा चालू, पाहिजे तेव्हा बंद. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की जो 'खट्ट' आवाज येतो ना, ते आतल्या कॉइलचं चुंबक पट्टी ओढून घेतं त्याचा आवाज.

याचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे आणि मला ते फार आवडतं. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा होती, १८४१ पासूनची. पुढं मुंबईत विजेवरच्या ट्राम आणायचं ठरलं, आणि तिथले संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखलं की ट्रामच्या तारांमधून जाणाऱ्या करंटचं चुंबकत्व आपल्या नाजूक सुया हलवणार आणि सगळ्या नोंदी बिघडणार. म्हणून वेधशाळाच अलिबागला हलवली, १९०४ मध्ये, तिथं इमारत बांधताना चुंबकत्वाचा परिणाम होईल असं लोखंडबिखंड वापरलं नाही. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ ला. अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याजवळ अजूनही त्या नोंदी होतात. ओर्स्टेडच्या टेबलावर जी सुई हलली तीच गोष्ट इथं अख्ख्या शहराच्या मापात.

आता उलटं. करंटपासून चुंबक होतं, तर चुंबकापासून करंट होईल का? यावर दहा-अकरा वर्षं लोक डोकं लावत होते आणि ते जमलं मायकेल फॅरेडेला. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, पुस्तक बांधणीच्या दुकानात कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. २९ ऑगस्ट १८३१ ला त्याने लोखंडी कड्यावर दोन वेगवेगळ्या कॉइल गुंडाळल्या, एकीला बॅटरी, दुसरीला करंट दाखवणारं काट्याचं यंत्र. बॅटरी जोडली त्या क्षणी काटा हलला, आणि परत शून्यावर. बॅटरी तशीच चालू, चुंबक तसंच तयार, पण काटा शून्यावर. बॅटरी काढली की परत उलट्या बाजूला एक झटका. इतके दिवस सगळ्यांचं चुकत होतं ते इथं, सगळे चुंबक तारेजवळ नुसतं ठेवून वाट बघत होते. नुसत्या चुंबकाने वीज होत नाही, चुंबकत्व बदलायला लागतं. चुंबक हलवा, कॉइल हलवा, नाहीतर चुंबकाचा जोर कमी-जास्त करा, जोपर्यंत बदल चालू आहे तोपर्यंतच व्होल्टेज.

आणि याला जोडून १८३४ मध्ये लेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने सांगितलेली गोष्ट, माझ्या मते ती या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची. अशी तयार झालेली वीज नेहमी तिला जन्म देणाऱ्या बदलाच्या विरोधात जाते. विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा, तांब्याचा जाड नळीचा तुकडा उभा धरा आणि त्यातून आत मोकळेपणाने मावेल असं बारकं ताकदवान चुंबक सोडा. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे आधी लावून बघा. तरी ते चुंबक नळीतून धपकन पडत नाही, घट्ट मधात सोडल्यासारखं हळूहळू उतरतं. पडणाऱ्या चुंबकामुळं नळीत करंट तयार होतो, त्या करंटचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते पडणाऱ्या चुंबकाला थोपवून धरतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा लागोपाठ वीस-पंचवीस वेळा केलं असेल.

आता मोटरीकडं परत या. कॉइलमध्ये एसी सोडली, करंट सतत बदलतोय, म्हणून त्याचं चुंबकत्व सतत बदलतंय, आणि बदलतं चुंबकत्व त्याच कॉइलमध्ये उलट दिशेचं व्होल्टेज तयार करतं. बाहेरून ४१५ ढकलतंय आणि आतून जवळजवळ तेवढंच उलटं ढकलतंय, दोघांच्या ओढाताणीत जो थोडा फरक उरतो तेवढ्यावरच करंट वाहतो. बाकीचा शंभर अँप अडवणारा हाच. म्हणूनच एसीची कॉइल तेवढ्याच व्होल्टेजच्या डीसीवर, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या विजेवर लावली तर डीसीत बदल नाही, बदल नाही म्हणून उलटा जोर नाही, आणि कॉइल थोड्या वेळात जळून कोळसा होते.

मग फिरतं कसं? स्टेटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या न फिरणाऱ्या भागात, तीन फेजच्या कॉइल गोलाकार बसवलेल्या असतात. तीन फेज म्हणजे तीन वेगवेगळ्या विजा नाहीत, एकच वीज एकामागोमाग एक येणारी, आधी आर, मग वाय, मग बी. मोटेच्या विहिरीवर एक मोट खाली जाताना दुसरी वर येते तशी पाळी लागलेली. त्यामुळं चुंबकाचा जोर आधी इथं, मग तिथं, मग पलीकडं असा गोल फिरत राहतो, आत काहीच फिरत नसतं तरी चुंबकत्व फिरतं. दोन पोलच्या, म्हणजे चुंबकाची एकच उत्तर-दक्षिण जोडी असलेल्या मोटरीत ते मिनिटाला ३००० वेळा फिरतं. ही कल्पना १८८० च्या दशकात इटलीच्या फेरारिसला आणि निकोला टेस्लाला वेगवेगळी सुचली, टेस्लाचं पेटंट १८८८ चं.

आतला रोटर बघितलाय का कधी उघडून? त्याला कुठलीच वायर जोडलेली नसते. लोखंडी पत्र्यांमध्ये अॅल्युमिनियमच्या नाहीतर तांब्याच्या दांड्या आणि दोन्ही टोकांना रिंग, पिंजऱ्यासारखं. त्याच्याभोवती चुंबकत्व फिरायला लागलं की दांड्यांच्या दृष्टीने चुंबकत्व बदलतंय, म्हणजे फॅरेडेप्रमाणे दांड्यांमध्ये करंट आला, आणि लेन्झप्रमाणे तो करंट बदलाला विरोध करणार. विरोध करायचा म्हणजे काय, तर फिरणाऱ्या चुंबकत्वाच्या मागं पळायचं, त्याला गाठलं की बदल संपला. म्हणून रोटर पळायला लागतो. पण पूर्ण गाठलं तर करंटच बंद होईल आणि ओढही संपेल, म्हणून तो कायम थोडा मागं राहतो. मोटरीच्या पाटीवर २८८० आरपीएम लिहिलेलं असतं ते म्हणूनच, ३००० ला १२० कमी. हा जो मागं राहण्याचा फरक, त्याला स्लिप म्हणतात, आणि मोटरीचं सगळं आयुष्य या स्लिपवर आहे.

आता मामांचं वाक्य उलगडतं. पंपाला पाणी वर ढकलायचंय, त्याला लागणारी ताकद व्होल्टेजने ठरत नाही, विहिरीच्या खोलीने आणि पाण्याने ठरते. व्होल्टेज ४१५ चं ३२० झालं की चुंबकत्व कमकुवत झालं, आणि मोटरीची फिरवायची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते, म्हणजे त्याच स्लिपला ताकद साठ टक्क्यांच्या आसपास उरते. पण भार तेवढाच. मग रोटर आणखी मागं पडतो, स्लिप वाढते, मागं पडला म्हणजे दांड्यांना बदल जास्त जाणवतो, त्यांच्यातला करंट वाढतो, आणि त्याची भरपाई म्हणून स्टेटरही लाईनमधून जास्त करंट ओढतो. साडेसातच्या जागी दहाच्या आसपास अँप. आणि उष्णता वर्गाप्रमाणे, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. बल्ब जेवढं मिळतं तेवढ्यात भागवतो, मोटरीच्या गळ्यात मात्र पाण्याचं ओझं बांधलेलं असतं, ती कमी व्होल्टेजमध्ये तेवढंच काम करायला जाते. तारेवरचं इन्सुलेशन तास-दोन तास हे सोसतं, मग कुठंतरी दोन वेढ्यांच्या मधलं इन्सुलेशन फुटतं, ते दोन वेढे आपसात शॉर्ट होतात, आणि तिथून पुढं काही मिनिटांचा खेळ.

सुरू होतानाची परिस्थिती याहून वाईट. रोटर उभा असतो, स्लिप पूर्ण शंभर टक्के, म्हणून मोटर त्या वेळी सहा-सात पट अँप घेते. दोन-तीन सेकंदात वेग आला की उतरते, पण पंपात वाळू अडकली, बेअरिंग जाम झालं, तर ती त्या सहा-सात पटीवरच अडकून राहते. घरातला मिक्सर जाम झाल्यावर वास येतो तोही असाच प्रकार. ऑटो स्विच लावलेल्या पन्नास मोटरी रात्री लाईट आल्या आल्या एकदम सुरू होतात तेव्हा सगळ्यांचे सहापट अँप एकाच वेळी एकाच डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर पडतात, व्होल्टेज आणखी खाली जातं, आणि कुणाचीच मोटर नीट वेग घेत नाही. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, असतो तो नेमका यासाठीच, आणि "सारखी ट्रिप होते" म्हणून तो रिले पाटीवरच्या अँपच्या वर सेट करणं किंवा चक्क बायपास करणं म्हणजे मोटर आपल्या हाताने जाळणं आहे. मामा हे प्रत्येकाला तळमळीने सांगायचे.

केबलचंही तसंच. डीपीपासून विहीर पाचशे मीटर आणि केबल अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची, तर साडेसात अँपला वाटेतच सुमारे ४८ व्होल्ट खर्च होतात, डीपीला पूर्ण ४१५ असले तरी मोटरीला ३६७. आणि सुरू होताना करंट सहापट, म्हणजे वाटेतला ड्रॉपही खूप वाढतो, मोटर नुसती गुरगुरते. केबल घेताना वाचवलेले पैसे रिवाइंडिंगमध्ये जातात, दुसरं काय.

हेच गणित मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर कोयना बघा. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट, डोंगराच्या पोटात पाणी टर्बाइन फिरवतं, टर्बाइन चुंबक फिरवतं, भोवतीच्या कॉइलमध्ये वीज, फॅरेडेचीच गोष्ट. पण ती वीज एवढ्या लांब कमी व्होल्टेजवर आणायची म्हटली तर करंट इतका जाईल की वाट्याला नुसत्या तापलेल्या तारा येतील. तेवढीच पॉवर दहापट व्होल्टेजवर नेली तर करंट दहावा हिस्सा, आणि वाटेतली उष्णता शंभरावा हिस्सा. म्हणून ती २२०, ४०० किलोव्होल्टपर्यंत चढवून आणतात, मग उतरवत उतरवत गावच्या डीपीला ११ नाहीतर २२ किलोव्होल्ट, आणि डीपीतून ४१५. हे चढवणं-उतरवणं म्हणजे फॅरेडेचं तेच लोखंडी कडं, दोन कॉइल, एकीत वेढे जास्त दुसरीत कमी, मधे कुठलीच तार जोडलेली नाही, फक्त बदलतं चुंबकत्व पलीकडं वीज घेऊन जातं. डीपीजवळ उभं राहिलं की 'घूंऽऽ' आवाज येतो ना, तो आतलं लोखंड सेकंदाला शंभर वेळा अगदी कणभर लांब-आखूड होतं त्याचा.

आणखी एक, तीनपैकी एक फेज गेला, डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडाला, तर काय होतं? चालू मोटर बंद पडत नाही, घरघरत दोन फेजवर चालत राहते आणि त्या दोघांत करंट खूप वाढतो. अशा जळालेल्या मोटरीचं झाकण काढलं की ओळखता येतं, कॉइलचे काही गट काळेठिक्कर आणि मधले काही चकचकीत तांबूस, मामा लांबूनच बघून सांगायचे "फेज गेलाय." एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर किंमतीने मोटर भरण्याच्या मानाने काहीच नाही, तो लावा.

आणि हे सगळं डोळ्यांनी दिसतं का, तर दिसतं. मोटर भरून झाली, वॉर्निश वाळलं, की रोटर बसवायच्या आधी मामा रिकाम्या स्टेटरमध्ये बेअरिंगची एक स्टीलची गोळी टाकायचे आणि अगदी कमी व्होल्टेजची थ्री फेज क्षणभर द्यायचे, हे फक्त मिस्त्रीचं काम आहे, घरी करू नका. गोळी आतल्या भिंतीला चिकटून गरगर फिरायला लागायची, वर, खाली, परत वर, पडायची नाही. कुठला हात नाही, पट्टा नाही, आत काहीच फिरत नाहीये आणि गोळी पळतेय. एकदा मामांनी मला बोलावलं, एक फेज काढला आणि म्हणाले "आता बघ." परत सप्लाय दिला. गोळी जिथं होती तिथंच भिंतीला चिकटून थरथरत राहिली, आणि स्टेटरमधून तोच आवाज यायला लागला जो शेतकरी सांगायचे, "मिस्त्री, नुसती गुरगुरतेय ओ."